रक्त पाहून सोयरीक

१२ जाने. १९६४, रविवार. अकोला
आज स्वतःचंच रक्त पाहिलं. काल बोटाला दोरा बांधला, बोट निळं पडल्यावर सुई टोचली. थेंब काचेवर, वर पातळ काच, कडेनं व्हॅसलीन. चोवीस तास ठेवायचं. आज मायक्रोस्कोपखाली धरलं तर गोल पेशींच्या गर्दीत इळ्यासारख्या वाकड्या पेशी. पुष्कळ.

आमच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टरसाहेब ही रीत नुकतीच नागपूरहून शिकून आले. म्हणाले, "वामनराव, तुमच्यात अर्धंच आहे, तुम्हाला काही होणार नाही. बायको करताना मात्र तिचंही पाहा. दोघांत अर्धं अर्धं असलं, तर एखाद्या लेकरात पुरतं उतरतं."

पुरतं उतरलेला आमच्या घरात होता. नामा, माझा धाकटा भाऊ. हातपाय ठणकायचे, डोळे पिवळे. आई म्हणायची वात, शेजारी म्हणायचे करणी. थंड पाण्यानं आंघोळ घालायची नाही, पाणी भरपूर पाजायचं, एवढंही कुणाला ठाऊक नव्हतं. मी त्याचे पाय दाबायचो आणि कंटाळून चिडायचो. अकराव्या वर्षी गेला. आता रोगाचं नाव कळलं, सिकल सेल. बसा घेऊन.

१५ जाने.
आईचं पत्र. मामानं स्वतः विषय काढलाय. कमलचं अमरावतीचं मास्तरणीचं ट्रेनिंग एप्रिलात संपतं. मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला मान, तारीख काढू म्हणतो.

मला क. हवी आहे. चार वर्षांपासून. हे इथंच लिहितो, दुसरं सांगणार कुणाला. जुन्या शहरातली ही खोली, मी आणि स्टोव्ह. स्टोव्ह निदान आवाज करतो.

पण नामात पुरतं होतं, म्हणजे आईत अर्धं असणारच. आईत असलं तर मामात असू शकतं. आणि मामात असलं तर

२ फेब्रु., रविवार. चांदूर बाजार
जेवताना बोललो, हीच चूक. लग्नाआधी कमलचं रक्त पाहू द्या म्हणालो.

मामाचा घास हातातच राहिला. "दीक्षा घेतली तवापासून पत्रिका सोडली, गण सोडले, भटाले दारात येऊ देत नाई. अन् तू आता पोरीचं रक्त मांगतं? बजारात गोऱ्हा पाह्याले आला काय, दात मोजाले?"

आई म्हणाली, "वामन्या, नामाचं आता कायले काढतं?" आणि पदर तोंडाला लावला.

परत येताना गाडीत विचार केला, मामा चुकला कुठे? जन्मानं कुणी खोटा नसतो, हे शिकायला आमच्या किती पिढ्या गेल्या. आणि मी सरकारी पगार घेऊन त्याला सांगायला गेलो की जन्मानंच येतं. मी त्याच्या जागी असतो तर ताटच भिरकावलं असतं.

१६ फेब्रु., रविवार
अमरावती. क.च्या होस्टेलच्या व्हरांड्यात भेटलो. सगळं समजावून सांगितलं. तिनं बोटच पुढे केलं. "बापाले काय इचारता? बोट माझं हाय."

माझ्या हातून दोरा दोनदा सुटला. दवाखान्यात रोज वीस जणांना रक्तासाठी टोचतो, लोक म्हणतात वामनरावांची सुई कळतही नाही. शेवटी दोरा तिनंच बांधला. रेक्टरबाईंनी लांबून विचारलं, "मलेरियावाले का?" मी हो म्हणालो. क. हसली. हसताना पाहिलं आणि वाटलं, काच इथंच फोडून टाकावी, काही पाहू नये, तारीख काढून मोकळं व्हावं.

काच साबणाच्या डबीत ठेवली. बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत डबी मांडीवर.

१७ फेब्रु.
आहेत.

दोनदा पाहिलं. डॉक्टरसाहेबांनाही दाखवलं, नाव न सांगता. तेही म्हणाले, आहेत.

१ मार्च, रविवार
तिला सांगून आलो. तिनं टोचलेलं बोट समोर धरून पाहिलं.

"म्हणजे आपलं नाईच?"

म्हणालो, लेकरं नको म्हणून राहू. "आत्या जगू देईन मले?" आत्या म्हणजे माझी आई. बरोबरच आहे.

मग मी वकिलासारखा बोललो. प्रत्येक लेकरात उतरतंच असं नाही, चारात तीन वेळा बचावतं. तिनं ऐकून घेतलं. "अन् चवथ्याचे पाय कोन दाबन? तुमी तर दाबले हाय."

निघताना एवढंच म्हणाली, "माझं कोनाले सांगू नका. धाकटीचं लगीन अजून व्हायचं हाय." वचन दिलं. होस्टेलच्या फाटकाशी रडलो, मग बस सुटेल म्हणून पळालो.

८ मार्च
मामाला पत्र टाकलं. "माझ्या रक्तात दोष निघाला आहे. मी लग्न करू शकत नाही. कमलला चांगलं स्थळ पाहा." सगळं खरंच लिहिलं.

२१ मार्च
मामाचं उत्तर. "अकोल्यात कोणत्या गल्लीत गेला होता ते सांग. आमची पोरगी वाचली. बहिणीच्या तोंडाकडे पाहून गप बसतो."

आधी कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. पुरुषाच्या रक्तात दोष म्हटल्यावर गावात एकच रोग ठाऊक आहे. बाईच्या नादानं लागतो तो.

चार पानं लिहिली आणि फाडली. खरं सांगितलं तर मामा विचारेल, तुझ्यात अर्धंच आहे, तुला काही होत नाही, मग अडलं कुठे? तिथून कमलपर्यंत किती अंतर. तो चुकला म्हणूनच ती झाकली गेली. राहू दे त्याला चुकीत.

सांगायला सोपं आहे. आज डब्यातलं जेवण तसंच परत आणलं.

१९ एप्रिल, रविवार. चांदूर बाजार
आईनं जेवायला वाढलं, शेजारी बसली, पंख्यानं वारा घातला. पाणी मागितलं तर उठून फळीवरनं एक जर्मलचा पेला काढला. बाकीचे पितळेचे. जेवण झाल्यावर तो तिनं वेगळा घासला, वेगळा पालथा घातला.

वेगळा पेला आम्ही बाहेर पुष्कळ पाहिला. शाळेत पाहिला. घरात आज पहिल्यांदा. मामानं तिच्या कानावर घातलेलं दिसतं. आईचा दोष नाही, ती घाबरली आहे. पण मी तिच्यावर मनातून फार चिडलो. संध्याकाळच्या बसनंच परतलो.

३ मे
क.चं पत्र. स्थळ ठरत आलंय. दिनकर नावाचे आहेत, बडनेऱ्याला रेल्वेत फिटर. लिहिते, "त्यांना मी माझं सगळं स्वतः सांगितलं. तुमचं रक्त पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, असंही त्यांना सांगितलं. ते रविवारी तुमच्याकडे येतील. दुसऱ्या कुणाच्या हातचं मला नको."

पाच वेळा वाचलं. माझ्याकडून शिकलेलं तिनं पाळलं. शाबास म्हणायला हवं. म्हणवत नाही.

१० मे, रविवार
दिनकर आले. काळेसावळे, हातावर तेलाचे डाग, वेळेच्या आधी हजर. वाटलं होतं, एखादा आढ्यतेखोर असेल. तसा असता तर बरं झालं असतं.

"तुमी कमलचे भाऊच न?"

"आतेभाऊ," म्हणालो.

बोट बांधलं, टोचलं. आज दोरा सुटला नाही. ते थेंबाकडे पाहत म्हणाले, "भाऊ, वाईट निघालं तर मले सरळ सांगा. मीच नाई म्हनतो सोयरिकीले. तिच्यावर नाव येऊ देनार नाई." मग दारातून परत वळून, "अन् चांगलं निघालं तर लग्नाले या बरं."

काच कपाटात ठेवली आहे. उद्या अडीचला चोवीस तास होतात.

माणूस चांगला आहे. कमलचं भलं व्हावं, तिची लेकरं उन्हात खेळावीत, त्यांचे पाय कुणाला दाबावे लागू नयेत. हे मला मनापासून वाटतं. आणि थेंबावर काच ठेवताना मनात आलं की यातही इळे निघावेत. माझं त्यात काहीच साधत नाही, तरी आलं. ही ओळ खोडणार होतो. खोडत नाही.

११ मे
अडीच वाजले. काच कपाटातून काढली, मायक्रोस्कोपखाली लावली, डोळा मात्र लावला नाही. इळे दिसले तर खरे दिसले की मला हवे म्हणून दिसले, हे मी कुणाला विचारणार? आणि नाही दिसले तर नीट पाहिलं असेन का?

डॉक्टरसाहेबांना बोलावलं. म्हणालो, ही एक तुम्ही पाहा. "काहो, तुमचे डोळे कुठे गेले?" म्हणाले. मी बाहेर येऊन बाकावर बसलो आहे. ते अजून काही बोलले नाहीत.