पाठीवरचा हात

६ जानेवारी
पुण्याच्या व्यावसायिक खो-खो संघाचा फोन आला. वैशूला तेरा तारखेला निवड चाचणीला बोलावलंय. पगारी खेळाडू होणार माझी लेक! सौ.ला सांगितलं, तर म्हणती, "पोरीला ऐकू येत न्हाय हे सांगितलंय न्हवं?" सांगितलंय. त्यात लपवायचं काय? दुकानात विहिरीवरच्या जळक्या मोटारींचं वाइंडिंग भरायला मी कुणाकडं शिकलो नाही, आणि खो-खो शिकवायलाही नाही.

८ जानेवारी
येरमाळ्याच्या मैदानावर सराव. पोरींना पुन्हा बजावलं. वैशू पाटीवर, म्हणजे मधल्या रांगेत, बसली असेल तर खो दोन खांद्यांच्या मधोमध, उघड्या पंजानं, जोरात. खो द्यायचा नसेल तर तिच्या पाठीला नखही लागता कामा नये. पोरी म्हणाल्या, "म्हाईत हाय काका, लहानपणापासनं ऐकतोय." घरातही हाच कायदा. पाठीवर हात पडला की उठायचं, पळायचं. सौ. वेणीसुद्धा बोटं जपून घालते.
'खो' हा एकच शब्द वैशू तोंडानं बोलते. माझ्या गळ्यावर हात ठेवून शिकली.

१३ जानेवारी, पुणे
पळतीत कुणाला सापडली नाही. त्यांचे कोच बोलले, "मासळी आहे ही!"
मग आक्रमण. वैशू पाटीवर. मागून पळणाऱ्या एकीची बोटं पाठीला घासली. खो नव्हता. वैशू उठून सुटली. फाऊल. इतर पोरींनाही हात घासतात, पण 'खो' शब्द कानावर पडल्याशिवाय त्या हलत नाहीत. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पोरी हसल्या. हसणं तिला दिसतं.
मी कोचना गाठलं. "साहेब, खो नसेल तर हात लावू नका म्हणावं."
"काका, एकीसाठी अख्ख्या संघानं हात आवरायचे?"
"आमच्या पोरी आवरतात."
"तिथंच तर घोटाळा झालाय ना."
महिन्यानं परत आणा म्हणाले. नुसता स्पर्श आणि खो, यातला फरक तिला कळला पाहिजे.
नियमांचं पुस्तक मला तोंडपाठ. वैशूची पिशवी उचलली, निघालो.

१४ जानेवारी
एसटीत वैशूनं खुणेनं विचारलं, माझं काय चुकलं? मी हात हलवला, काही नाही. टेंभुर्णीला परत विचारलं. मी खिडकीबाहेरचा ऊस दाखवला. त्यानंतर बार्शीपर्यंत तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.
घरी तिळगूळ. नको म्हणाली.

१५ जानेवारी
दुकान उघडलं नाही. सौ.ला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी आता लेकीच्या पाठीवरनं हात फिरवला तर चालंल का, मास्तर?"
मास्तर म्हणाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

१६ जानेवारी
सकाळी अंगणात नवा सराव. वैशूला सगळं खुणांनी समजावलं. जोराचा पंजा पडला तरच उठ, हलका हात लागला तर बसून राहा. मान डोलावली. पाठ करून बसली.
सौ.ला म्हटलं, तू लाव हलका हात. ती मागं बसली. पदराला हात पुसला. आई ठेवते तसा ठेवला.
वैशू उठली. तुळशीपर्यंत पळत गेली. मग थांबली, वळून आमच्याकडं पाहिलं.
सौ.चा हात तसाच, हवेत.
"बस गं बाय," सौ. म्हणाली.
वैशूनं ओठ वाचले. आली. परत पाठ करून बसली.