लांब मुळं

मंगळवार, सात तारीख

धाकटे,

आशीर्वाद. तू खुशाल आहेस हे मला खालच्या शिंपीणबाईंकडून कळतं. सख्खी बहीण मी, आणि तू फोन करतेस तिला! म्हणे, ताईला सांगा, एवढ्यात यायला जमत नाही. लेकीचं बाळंतपण उरकलं की येते म्हणून गेलीस. तो नातू आता रांगत असेल. मी फोन करणार नाही. फोनवर तू हसून विषय बदलतेस.

इथं तुला काय कमी पडत होतं? खोलीत ऊन येतं, नळ घरात, बोलायला मी. स्वयंपाक अजून दोघींचाच होतो, हात ऐकत नाही. उरलेलं मीच संपवते. जाड झालेय.

काम तेच, प्रयोगशाळेत मुळं धुवायची. उंच नळ्यांत वाळू भरून मका लावतात. अर्ध्या नळ्यांना खत, अर्ध्यांना नुसतं पाणी. वरचा पाला कापून नेतात, माझ्या हाती मुळं तेवढी येतात. परवा मुळांना बांधलेल्या खत-पाण्याच्या चिठ्ठ्या भिजून सुटल्या. मी अक्कल चालवली. लांब मुळं ती खात्यापित्या घरची, म्हणून खताच्या ट्रेमध्ये ठेवली. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी कपाळाला हात लावला.

"मावशी, उलटं केलंत. जिथं पोट भरतं तिथून मूळ लांब कशाला जाईल?"

बी दोन्हीकडे एकच, म्हणाल्या. लांब जायचा गुण अंगातच असतो, जनुकात का कशात, पण झोपलेला. मातीत काही मिळेनासं झालं की जागा होतो. मग शेंडा खुरटला तरी चालेल, मूळ खाली जातच राहतं.

सगळे ट्रे पुन्हा लावले. दिवसभर मॅडमचं बोलणं डोक्यात घोळत होतं. घरी येऊन सांगायला आहे कोण.

धाकटे, आपलं दोघींचं बी एकच. तू एवढी लांब गेलीस, तर मी सगळ्यांना सांगत सुटले, तिला इथलं सुख बोचलं.

मालकीणबाई म्हणतात, रिकाम्या खाटेवर दुसरी कुणी ठेव. पुढच्या रविवारी, एकोणीसला, एक नर्स खोली बघायला येतेय. मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

म्हणून विचारते, इथं काय कमी पडलं? वर विचारलं ते भांडायला होतं. हे तसं नाही. शिंपीणबाईंना सांगू नकोस, मला लिही. अठराच्या शनिवारच्या टपालात तुझं पत्र पाहिजे. रविवारी ती दारात उभी राहील, तिला काय सांगू?

तुझी खाट आजच झाडलीय.

ताई