साडेआठच्या वाचनाचा वारा

१ जून २००३, बोरगाव मेघे

स्वस्ति श्री अखिल-मेज-विमानाधिपती, आसनस्थ-वैमानिक-शिरोमणी, संगणक-गगन-विहारी, वैयाकरण-कुलभूषण श्रीमान मधुसूदन यांचे आर्वीहून एका ट्रंकेसह व एका संगणकासह शुभागमन झाले. घरमालक प्रभाकरराव हे निवृत्त हवामान-निरीक्षक. गच्चीवरील वातमापकाचे वाचन ते बावीस वर्षे रोज सकाळी साडेआठला वहीत टिपतात. गच्चीचा जिना माझ्या खोलीतूनच जातो. खोली प्रशस्त, दाराला मात्र आतून कडी नाही. निवेदन केले.

३ जून

संगणकातील विमान उडवण्याच्या खेळातला वायुक्षोभ पिठाच्या गिरणीसारखा एकसुरी आहे. खरा वारा आधी दबा धरतो, मग धक्का देतो. प्रभाकररावांनी १९९६ ची वही औदार्याने दिली. तीत प्रत्येक झोताची नोंद. ४ ते ११ जूनची पाने यंत्रात भरली. रोज सायंकाळी दुसऱ्या दिवसाच्या पानातील वाऱ्यात विमान उडवायचे. पहिल्याच उड्डाणात मी स्वतःच खुर्चीत झुकलो व चहा लेंग्यावर सांडला. परमानंद! कडीचे पुन्हा स्मरण करून दिले.

५ जून

प्रभाकरराव हर्षभरित होऊन गच्चीवरून उतरले. म्हणाले, "सर, काल तुमी जे उडवलं तेच वारं वर येऊन राह्यलं! वहीतल्यासारखंच, पन दुप्पट." मी योगायोगावर पाच मिनिटे व्याख्यान दिले.

७ जून

बंद घरात देवापुढची समई तीनदा विझली. घरमालकीण सुलोचनाबाई विचारत्या झाल्या, काऊन हो सर, तुमच्या डब्यातून वारं येते का? मी विद्वत्तापूर्ण हसलो. मग वही पुन्हा पाहिली. आकडे ताशी किलोमीटरचे आहेत. यंत्र नॉट मागते. एक नॉट म्हणजे ताशी जवळजवळ दोन किलोमीटर. मी आकडे तसेच भरले होते.

८ जून

काल रात्रीच सारे आकडे पुसले. उड्डाण केले नाही. सकाळी वर आला तो वारा पुसलेल्या पानाचाच.

९ जून

संगणकाची तार उपटली. तरीही वारा आलाच. गच्चीवरच्या टाकीचे झाकण शेजारच्या अंगणात सापडले.

१० जून

उद्याचे पान वाचले. ११ जून १९९६: झोत ९६. खाली प्रभाकररावांचे अक्षर: 'कठड्याला मिठी मारून वाचलो.' उद्या दुप्पट.

उद्या वर जाऊ नका म्हणून प्रभाकररावांच्या पाया पडलो. ते म्हणाले, वडील गेले त्या दिवशीही वाचन सोडलं नाई. "वाऱ्याले भेऊन खाली बसाचं, मंग मी कायले हाओ?" सुलोचनाबाई डोळे पुसत म्हणाल्या, माह्यं ऐकत नाईत, तुमीच अडवजा.

कडीसाठी तिसऱ्यांदा विनंती. उद्या बसवू, म्हणाले.

११ जून, सकाळी ८.१०

आकाश निरभ्र. निंबाचे पानही हलत नाही. दबा धरला आहे.

८.२१

संगणक बंद. तार माझ्या हातात. तरी खुर्ची डावीकडे झुकते आहे— मीही—

८.२६

दाराला ट्रंक लावली. दार बाहेर उघडते. मूर्ख मी. पावले— वही काखेत—

८.२९

प्रभाकरराव ट्रंक ओलांडून वर गेले. सदरा धरला होता. बाही माझ्या हातात आहे, ते—

८.३०

वर कठडा तुटला—

खालून सुलोचनाबाई विचारतात, झालं का हो वाचन? काय सांगू— वही एकटीच जिन्यावरून खाली—

तीन वेळा सांगितले होते. चार स्क्रू. एक साधी कडी आणि फक्त चार—