दुपारी तीनच्या सिस्टर

४ ऑगस्ट, सोमवार
रेणापूरच्या कालिंदाबाईंची जखम बिघडली. हर्नियाचं ऑप., जाळी बसवलेली, आज पाचवा दिवस. ड्रेसिंग उघडलं तर कडा लाल, दाबलं तर पू. महिन्यातली ही तिसरी. तिघीही बायकांच्या वॉर्डातल्या. पुरुषांकडे एकही नाही. सर्जन सर म्हणाले, "इन्फेक्शनचं काम तुमच्याकडे आहे ना सिस्टर? मग शोधा." शोधतेच आहे ना. दुसरं काय करते मी दिवसभर?
कापायच्या आधी तासाभरात अँटिबायोटिक दिलेलं. सही माझी. आदल्या दिवशी साबणाने अंघोळ, तीही झालेली. सगळं बरोबर, आणि पोटात पू.
माझंही पोट दुखतंय. सोनोग्राफीत गाठी आहेत, गर्भपिशवी काढावी लागणार. पुढे ढकलतेय.
घरी आले तर आई विहारातून येऊन बसलेली, पांढऱ्या साडीत. वर्षावास आहे, रोज दुपारी ग्रंथवाचन असतं. हल्ली गॅस विसरते, चष्मा विसरते, कधीकधी मलाच विसरते. विहार मात्र विसरत नाही. तेवढंच बरं.

६ ऑगस्ट
कालिंदाबाईंचं पोट आज उजेडात नीट पाहिलं. जखमेच्या खाली केसांचे खुंट आणि बारीक बारीक ओरखडे. वस्तरा!
या हॉस्पिटलात वस्तरा बंद करून दोन वर्षं झाली. मीच बंद केला. कातडीला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात, रात्रभरात त्यात जंतू वाढतात. केस काढायचेच तर मशीनने, तेही ऑप.च्या थोडं आधी. इतक्यांदा सांगितलंय की वॉर्डातल्या शांतामावशी माझी नक्कल करून दाखवतात. ओ.टी.त म्हणे सगळ्यांना वाटलं, बाई घरूनच करून आली.
विचारलं, कोणी केलं?
"तुमच्याच की शिष्टरबाई. पांढऱ्या लुगड्यातल्या. आप्रेशनच्या आदल्या दिशी, दुपारी तीनला. लई मायाळू हायत."
आम्ही सगळ्या निळ्या ड्रेसमध्ये असतो. पांढरी साडी इथे कोणी नेसत नाही.

८ ऑगस्ट
आधीच्या दोघी घरी गेल्यात, त्यांना फोन लावले. पहिलीने उचलला नाही. दुसरी म्हणाली, "हात बरफावानी गार व्हते बगा, पर साबनाचा फेस कोमट. म्हन्ल्या, भिऊ नको बाय, मुंगी चावल्यावानी वाटंल."
फोन ठेवला. हे वाक्य मी कुठेतरी…
शांतामावशी म्हणतात, जुन्या इमारतीत एक सिस्टर ड्युटीवरच वारली होती. "तिची ड्युटी संपलीच न्हाई अजून." मी खेकसले, भुताला वस्तरा कोण देतं हो? पण तीन वाजता वॉर्डात जायचं होतं, ते गेले नाही. कागद घेऊन ऑफिसातच बसले. लाज वाटली.

१२ ऑगस्ट
कालिंदाबाईंच्या ऑप.च्या आदल्या दिवसाचं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आज मिळालं. तीन वाजून पाच मिनिटं. आमची ड्युटी बदलायची वेळ, सगळ्या चेंजिंग रूममध्ये. वॉर्ड झोपलेला. दारातून पांढरं काहीतरी आत येतं. समोरच्या खिडकीच्या उजेडात चेहरा धुऊन गेलाय. एका हातात मग, दुसऱ्यात ट्रे. चाल अशी की वॉर्ड तिचाच. पडदा ओढते. बारा मिनिटं पडदा हलत नाही. मग बाहेर येते, पेशंटची चादर सारखी करते आणि पायाकडचा कोपरा तिरका दुमडून गादीखाली खोचते.
तसा कोपरा आता कोणी घालत नाही. मला येतो. मी सात वर्षांची असताना नांदेडच्या क्वार्टरमध्ये आईने शिकवला.
विहारातल्या ताईंना फोन केला. आई महिनाभरात तिकडे फिरकलीही नाही.

१३ ऑगस्ट
काखेत कळसा अन् गावाला वळसा.
आईच्या पर्समध्ये वस्तरा, ब्रश, साबणाची वडी, जुन्या केसपेपरात गुंडाळलेली पाती. विचारलं तर शांतपणे म्हणाली, "उद्याच्या केसेस तयार करायच्या हायत. पोट साफ न्हाई दिसलं तर सर मेमो देतेत."
नांदेडला तेहतीस वर्षं नर्सची सरकारी नोकरी. तेव्हा हेच बरोबर काम होतं, आणि आईच्या हातासारखा हात जिल्ह्यात नव्हता. आमच्या घरातली पहिली पगारवाली. तिच्या त्याच हातावर मी शिकले.
कालिंदाबाई आयसीयूत. जाळी काढावी लागली.
सरांनी विचारलं, सापडलं का? म्हटलं, शोधतेय. नोकरीत पहिल्यांदा खोटं बोलले.

१८ ऑगस्ट
पाती फेकली, वस्तरा कपाटात कोंडला. दोन दिवस आई जेवली नाही. मांडीवर हात तेवढा हलत राहतो, वरून खाली, वरून खाली. शेवटी वस्तरा परत दिला, पात्याविना. उशाशी घेऊन झोपली. मी रोज सकाळ-संध्याकाळ उघडून बघते. रिकामा असतो.
वॉर्डाचं दार तीन ते चार बंद, चावी माझ्याकडे. नव्या जखमा कोरड्या.
कालिंदाबाईंचा नवरा आयसीयूबाहेर बसून असतो. आज माझ्या पाया पडायला वाकला. "ताई, तुमी हाव म्हनून ती जित्ती हाय." मला तिथे उभं राहवेना.

२९ ऑगस्ट
पंधरा दिवसांत एकही जखम बिघडली नाही. सर खूश. म्हणाले, कारण लिहून द्या, फाइल बंद करू. कागद कोराच आहे.
माझा रक्तस्राव थांबत नाहीये. सरांनी ऑप.ची तारीख पक्की केली, ४ सप्टें.

३ सप्टेंबर, बुधवार
अ‍ॅडमिट झाले, आमच्याच वॉर्डात, खिडकीजवळचा बेड. सकाळी निघताना वस्तरा उघडून पाहिला. रिकामा. खाचेत बोटही फिरवलं. चावी शांतामावशींना दिली.
तीनला डोळा लागत होता. दार वाजलं. मावशींचा आवाज, "तुमच्या आईच हायत, लेकीला बघाया आल्यात, सोडते आत."
पांढरी साडी. हातात पाण्याचा मग, ट्रे. आईने पडदा ओढला, चष्मा सावरून माझा केसपेपर वाचला.
"माझ्या लेकीचं बी हेच नाव हाय," ती म्हणाली. "ती बी नर्सच हाय. लई कडक."
मी म्हटलं, "भेटते का तुम्हाला?"
"न्हाई वो. कामात असते. भिऊ नको बाय, मुंगी चावल्यावानी वाटंल."
ओरडता आलं असतं. बेलही हाताशी होती. पण वस्तरा रिकामा आहे हे मला माहीत होतं, आणि किती वर्षांनी तिचा हात माझ्या पोटावर होता. गार हात, कोमट फेस. मी डोळे मिटले, रडू आलं, तिने पदराने पुसलं. मग चादर सारखी केली, कोपरा खोचला आणि गेली.
थोड्या वेळाने हात खाली नेला. गुळगुळीत. बोट वर घेतलं तर रक्ताची रेघ.
पातं कुठून आलं? सकाळी नव्हतं. मी स्वतः पाहिलं.
सरांना सांगितलं तर उद्याचं ऑप. पुढे जाईल, आणि आईचं नाव कालिंदाबाईंच्या फाइलीत जाईल. नाही सांगितलं तर उद्या हेच पोट घेऊन टेबलावर.
सर सहाला राउंडला येतात. चादर उघडायला लावतील. पावणेसहा झालेत. कोपरा अजून तिने खोचला तसाच आहे, मी पाय हलवला नाही.