आक्काची खुडूक कोंबडी आणि माझी पांढरी अंडी

१९ जानेवारी १९७५, रविवार
आजपासून कुक्कुटपालन. रोजनिशीही आजपासूनच. यशस्वी माणसाला पुढे सुरुवातीच्या काळाबद्दल विचारतात, तेव्हा आठवत नाही अशी पंचाईत नको.

दुपारी आक्का आली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण मालनबाई, चार घरं सोडून राहते. काखेत तांबडी कोंबडी, डोक्यावर टोपली. कोंबडी खुडूक झाली आहे, अंड्यांवरून उठायचं नाव घेत नाही. आक्काला उद्या वारंगा फाट्याला लेकीच्या सासरी जायचं आहे. लेक म्हणजे माझी भाची कमल; तिचे दिवस भरलेत आणि तिला सासू नाही. म्हणून कोंबडी आमच्याकडे अर्धलीनं: सांभाळायची आम्ही, पिल्लं निघतील त्यांतली निम्मी आमची, निम्मी आक्काची. आक्काच्या वाट्याची कमलला जाणार. आक्का म्हणाली, पोरीला सासरी तिचं म्हनून काय बी न्हाई, चार कोंबड्या झाल्या तर हातात कायतरी राहील.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ठरवलं, भाचीला अशी पिल्लं द्यायची की फाट्यावर ट्रकवाल्यांनी गाडी थांबवून बघावं.

आक्काने टोपलीत भुसा पसरला, अकरा अंडी मांडली आणि खाली एक लोखंडी खिळा ठेवला. विजेच्या कडकडाटाने अंडी नासतात, लोखंड असलं की नासत नाहीत म्हणे. मी म्हणालो, आपण धम्म घेतला तो खिळ्यावर भरवसा ठेवायला नव्हे. आक्का म्हणाली, धम्म मला बी कळते, तू खिळ्याला हात लावू नको. कोंबडीला तर बिलकुल लावू नको. दाणापाणी ठिव आन् बाजूला हो.

ती गेल्यावर खिळा काढला.

२० जानेवारी, संध्याकाळ
आक्काला एसटीने फाट्यावर पोचवून आलो. तिथे हिरासिंगच्या हॉटेलात चहा घेताना आयुष्याला कलाटणी मिळाली. काउंटरवर पांढरीशुभ्र विलायती अंडी! सगळी एका मापाची, तिसरीच्या वर्गाच्या रांगेपेक्षा शिस्तशीर. माझ्याकडच्या कुक्कुटपालनाच्या माहितीपत्रिकेत स्पष्ट लिहिलंय की विलायती कोंबडी गावरानच्या दुप्पट-तिप्पट अंडी देते. मग आपण गावरान पिल्लं का काढायची?

दहा घेतली. हिरासिंग म्हणाला, गुरुजी, ये आमलेट के वास्ते है, इनसे कुछ नहीं निकलेगा, जिथून येतात तिथं कोंबडाच ठेवत नाहीत. हॉटेलवाल्याचं जग आमलेटपुरतं. प्रगत देशांत कोंबड्याचं काम यंत्राने होतं असं मी कुठेतरी वाचलेलं आहे.

घरी येऊन दहा गावरान अंडी काढली, दहा विलायती ठेवली. एक गावरान तसंच राहू दिलं, तुलनेसाठी. याला सायंटिफिक पद्धत म्हणतात.

कोंबडीने हाताला दोनदा चोच मारली. नवीन माणूस आहे, सवय होईल.

२१ जानेवारी
रुक्मा (पत्नी) काल शेतातून उशिरा आली, त्यामुळे टोपली आज सकाळी पाहिली. म्हणाली, आक्काची अंडी कुठं हायेत? सांगितलं. म्हणाली, काहून उगा नसती तकलीफ करून राहिले, आत्ताच्या आत्ता परत ठिवा. मी पत्रिका वाचून दाखवली. पान दोनच्या मध्यावर ती उठून गेली.

काढलेली अंडी वाया जाऊ नयेत म्हणून चारांचं आमलेट. रुक्माने चूल दिली नाही, मीच स्टोव्हवर केलं. खाल्लं मात्र एकट्यानेच. ती म्हणाली, कमलची पिल्ली खाऊन राहिले तुमी. बायका फार भावनिक असतात. आमलेट उत्तम झालं होतं.

२४ जानेवारी
बाकीची अंडी संपली. बुर्जी. मीठ जास्त.

ठरलेला प्लॅन: या खेपेची पिल्लं वाढली की शंभर. मग पाचशे. मग मास्तरकीचा राजीनामा. राजीनाम्याचा मसुदा तयार आहे, तारीख तेवढी टाकायची.

२८ जानेवारी
कोंबडीला व्यायाम मिळत नाही असं लक्षात आलं. उचलून अंगणात फिरवली. ओरडत सगळं गाव गोळा केलं आणि माझ्या हातून निसटून थेट टोपलीत जाऊन बसली. व्यायाम झाला. उजव्या हाताला पट्टी.

उद्यापासून डाव्या हाताने.

२ फेब्रुवारी
अवेळी ढग. दुपारी एकच कडकडाट झाला, पत्रे हादरले. मी शांत होतो. नंतर खिळा शोधला आणि भुशाखाली सारला. यात श्रद्धेचा काही प्रश्न नाही, आक्काच्या भावनेचा आहे. एक पुरेल की नाही म्हणून शेजारी विळाही ठेवला. रुक्माला बाकी गवत कापायला तोच विळा हवा होता. शोधून दमली.

५ फेब्रुवारी
फाट्यावरून निरोप: कमलला मुलगी झाली. दोघी खुशाल. आक्काने विचारलंय, कोंबडी बराबर बसली का? कळवलं: उत्तम, सर्व काही शास्त्रशुद्ध चालू आहे. भाचीला सांग, मामा तुझ्यासाठी विलायती भेट आणतोय.

रुक्मा म्हणाली, असं कळवायला तुमचा हात कसा धजला? कोणत्या हाताबद्दल बोलते ते समजलं नाही. दोन्हींना पट्टी आहे.

९ फेब्रुवारी, रविवार
पिल्लू आलं! सकाळी चिवचिव ऐकली आणि धावलो. ओलं, पिवळट, इवलंसं. हातात घेतलं तर काळजात कालवाकालव झाली. असं कधी झालं नव्हतं, माझा तिसरीचा वर्ग नापास झाला तेव्हाही नाही.

ते तुलनेच्या अंड्यातून आलं. विलायतींना थोडा वेळ लागणारच, त्यांचं सगळंच नियोजनपूर्वक असतं. उद्याची किरकोळ रजा टाकली.

१० फेब्रुवारी
विलायती: शून्य. गावरान: शंभर टक्के. एवढ्या लहान नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये.

११ फेब्रुवारी
कोंबडी टोपली सोडून पिलाला घेऊन अंगणात गेली. कर्तव्य अर्धवट टाकणं मला वर्गातही चालत नाही. तिला पकडून पुन्हा अंड्यांवर बसवली. उठली. बसवली. उठली. आता मानेवरही पट्टी.

शेवटी मी स्वतः अंड्यांभोवती गोधडी गुंडाळून बसलो. रुक्मा दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. ती बोलते तेव्हा बरं वाटतं, हे आज कळलं.

१३ फेब्रुवारी
एक अंडं कानाशी धरून हालवलं. आत पिल्लू असल्यास चाहूल लागते. ते फुटलं.

आंघोळ तीनदा. शर्ट रुक्माने उकिरड्यावर टाकला. उरलेली नऊ तिनेच लांब नेऊन पुरली. म्हणाली, कोंबड्याशिवाय पिल्लू निघत न्हाई हे दुसरीतलं पोरगं बी सांगंल. मी तिसरी शिकवतो, तो धडा आमच्याकडे नाही.

१५ फेब्रुवारी
आता संगोपन. पत्रिका म्हणते, पिलांना उकडलेलं अंडं चुरून द्या. रुक्माला अंडं मागितलं. ती इतकी हसली की पदर तोंडात धरावा लागला. नंतर तशीच भिंतीला टेकून रडली. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, कमलला मी आक्काच्या हाती शबुद धाडला होता, पिल्ली नीट सांभाळते म्हनून.

१९ फेब्रुवारी
घार घिरट्या घालत होती, म्हणून दिवसभर पिलामागे छत्री घेऊन फिरलो. पिल्लू छत्रीला घाबरून कोंबडीच्या पंखाखाली, कोंबडी माझ्या अंगावर. पोरं शाळेत वाट पाहत होती हे दुपारी आठवलं.

पिल्लू मात्र जिवंत आहे. हे यश कोणी नाकारू शकत नाही.

२२ फेब्रुवारी
आक्का उद्या येतेय. काय बोलायचं ते पाठ केलं. मुद्दा एक: निसर्ग लहरी आहे. मुद्दा दोन: खिळा दोन आठवडे जागेवर नव्हता, तो कोणी काढला यात शिरण्यात अर्थ नाही. मुद्दा तीन: संख्येपेक्षा गुणवत्ता.

२३ फेब्रुवारी, रविवार
आक्का आली. अंगणभर पाहिलं. टोपलीखाली पाहिलं. कोंबडीने पायात घोटाळून ओळख दिली. आक्का म्हणाली, येवढंच?

मी निसर्गापासून सुरुवात केली. आक्का ऐकत नव्हती. पिल्लू ओंजळीत घेऊन ती रुक्माला म्हणाली, अर्धलीत एकाचं निम्मं कसं करावं, तूच सांग. रुक्मा म्हणाली, आक्का, अख्खं घ्या, आमचा वाटा कवाच पोटात गेला. मग तिने सगळं सांगितलं. आमलेटसुद्धा. बुर्जीतलं मीठसुद्धा.

आक्का ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, कमल रोज इचारती, किती निघाली म्हनून. बाळंतिणीच्या खोलीत बसून खुराड्याची जागा ठरवून राहिली पोरगी. तिला काय सांगू आता?

रुक्मा म्हणाली, मामानं खाल्ली म्हनून सांगा.

सवयीने दुरुस्त करायला तोंड उघडलं. वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.