नेटवर्किंगच्या दुसऱ्या तासाआधी

बाबा,

शनिवारी मी कॉलेजात कॉम्प्युटर नेटवर्किंग या नव्या पेपरची ओळख करून दिली आणि पहिल्याच तासात बहुतेक एक मुलगी गमावली. उद्या अकराला दुसरा तास आहे. मी गणिताची बाई, हे तुम्हाला ठाऊकच. पण शिकवायला दुसरं कोणी नव्हतं. प्राचार्य म्हणाले, "मैडम, आपके पिताजी रेलवे में थे न, सिग्नल-विग्नल तो समझती होंगी." एवढ्या पात्रतेवर माझी नेमणूक झाली. लॅबमध्ये वीस कॉम्प्युटर आहेत, त्यांना जोडणारी वायर अजून यायची आहे. तोवर हिस्सेवाटणी झालेल्या भावांसारखे ते एका छताखाली अबोला धरून बसलेत.

तयारी करताना मात्र तुम्हीच आठवत होतात. छोट्या लाईनचं ते जंगलातलं स्टेशन. मी टेबलाखाली पेरू खात बसले आहे आणि तुम्ही फोनवर पुढच्या स्टेशनच्या मास्तरांशी बोलताय. ते जे सांगतात ते तुम्ही शब्द न शब्द परत म्हणता. मग ते लाईन मोकळी असल्याची खूण म्हणून त्यांच्या कागदावरचा प्रायव्हेट नंबर देतात, तुम्ही तोही परत म्हणता, लिहून घेता, आणि मगच गाडी सुटते. मी विचारलं होतं, "बाबा, तो मास्तर बहिरा आहे का?" तुम्ही म्हणालात, "तो काहून बहिरा राहीन वं? मीच चुकीचं आयकलं असन त?"

मग तो साहेबांचा सोमवार. तपासणीला आलेले साहेब आपल्याकडे जेवणार होते आणि त्यांचा उपास होता. "आईले सांग, साहेब जेवतेत, पन उपासाचं," असं सांगून तुम्ही मला क्वार्टरवर धाडलंत. मी "हौ" म्हणून पळाले, आईला पाहुणा सांगितला, उपास वाटेतच सांडला. आईने हौसेने मासोळीचा रस्सा केला. साहेबांनी केळी खाल्ली आणि आपण दोन दिवस रस्सा. तुम्ही मारलं नाही. समोर उभं करून म्हणालात, "हौ म्हंजे का? हौ म्हंजे नुसतं तोंड हाललं. मी का सांगतलं, थे सांग." तेव्हापासून घरात मीठ आणायला सांगितलं तरी आधी मीठ परत म्हणावं लागे.

तर शनिवारी मी सांगितलं की एक मशीन निरोप पाठवतं, दुसरं "मिळाला" म्हणून कळवतं, आणि तसं कळलं नाही तर पहिलं पुन्हा पाठवतं. मग विचारलं, "समझे?" चाळीस माना हलल्या, "हौ मैडम." मला तुमच्यासारखं परत म्हणवून घ्यायचा हुरूप आला. बिरसा गावाकडची एक मुलगी शेवटच्या बाकावर बसते. तिला उठवलं. "जो बताया, वापस बोलो." ती ओढणीचं टोक धरून उभी राहिली. आणि माझी जीभ, जिचं खापर आई नेहमी तुमच्या घराण्यावर फोडायची, म्हणाली, "मुंडी तो बढ़िया हिलाती हो. दुकान के काउंटर पे बिठा दें?" वर्ग हसला. मला बरं वाटलं, हे फक्त तुम्हाला सांगते.

आज ती कॉलेजातच आली नाही. तिच्या शेजारची म्हणाली, "मैडम, वो बोल रही थी विषय बदल लेगी. नहीं तो गाँव चली जाएगी." मुलीचं शिक्षण घरून किती सहज थांबतं, ते मला इथे वीस वर्षं शिकवून कळलेलं आहे.

बाबा, तुम्ही परत म्हणायचात ते स्वतःची चूक पकडायला. पलीकडचा मास्तरही तितकाच घाबरलेला असे, मधे गाडीभर माणसं होती. मी त्या परत म्हणण्याची परीक्षा करून टाकली. उद्याच्या तासाच्या तीन सुरुवाती लिहिल्या आणि तिन्ही खोडल्या, कारण तिन्हींत मी हुशार दिसते.

हे पत्र वहीतच राहील. त्या मुलीचा नंबर प्रवेशाच्या फॉर्मवर मिळाला. संध्याकाळपासून दोनदा लावला आणि दोन्ही वेळा पहिली रिंग जायच्या आत कापला. ती उचलेल, याचीच भीती वाटते.