यंदा माकडं आलीच नाहीत म्हणता

तीर्थरूप बाबा,
बर्फातून तुमच्या गौरवीचा नमस्कार. मी बरी आहे, दोन-दोन स्वेटर घालते, काळजी नको.

रविवारी कामावरच्या जपानी मैत्रिणीबरोबर अभयारण्यात रानटी माकडं बघायला गेले. माकडं गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसली होती, माणसांकडे ढुंकूनही न बघता. मला काही खरं वाटेना. माकड इतकं शांत बसलं की त्याच्या मनात काहीतरी असतं. एक माझ्या बाजूला आलं, तर आपल्या माडांच्या भाटात करते तशी मी दगड उचलायला खाली वाकले. रखवालदार धावत आला. मैत्रीण बिचारी कितीतरी वेळ त्याची माफी मागत होती.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. फोनवर तुम्ही म्हणालात, यंदा पेडण्यात माकडं आलीच नाहीत. दरवर्षी ती माडांवरची शहाळी फोडतात आणि डबा वाजवून, ओरडून तुमचा घसा बसतो. यंदा तुमचा आवाज अगदी स्वच्छ आहे.

फोन सिद्धेशदादाच्या हातात असतो. कॅमेरा जरा मागच्या दारी, भाटाकडे फिरव म्हटलं की त्याची रेंज जाते. म्हणून हे पत्र.

आईचे गुडघे कसे आहेत? नारळ पाडायला पाडेली शेवटचा कधी आला होता?

माकडं का आली नाहीत, ते मी विचारत नाही. माड आहेत ना, एवढंच तुमच्या अक्षरात लिहा.

इथूनच पाया पडते,
गौरवी